पाठराखणींची वही

४ जुलै १९९४, सोमवार

डिस्क भरली! सकाळी तालुक्यांचे पावसाचे आकडे भरायला बसले तर कॉम्प्युटर म्हणतो, जागा नाही. दिनकरराव सर म्हणाले, कामाचं नाही ते काढून टाका. आणि जाता जाता सांगितलं — पुण्याच्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला आपल्या कक्षातून एकच नाव जाणार, महिनाअखेर पाठवतो. बोलताना बघत होते महादेवीकडे.

सहा वर्षं झाली मला इथे, विद्यापीठाच्या कॉम्प्युटर कक्षात. पिंगळीहून रोज गाडीने येते, कधी खाडा नाही. पावसाचा प्रोग्रॅम मी लिहिला, एकटीने. ही उदगीरची पोरगी फेब्रुवारीत आली, सोबत पन्नास फ्लॉप्या आणि ती लिनक्स नावाची नवी सिस्टिम घेऊन. तेव्हापासून उठता बसता महादेवी, महादेवी.

पुण्याला मी जाणार.

५ जुलै

जागा कशाने गेली ते कळलं. एक प्रोग्रॅम चढवला की त्याला लागणारी चार-पाच पॅकेजेसही आपोआप चढावीत, अशी सोयच महादेवीने करून ठेवली आहे. नंतर प्रोग्रॅम काढला तरी ती चार-पाच तशीच बसून राहतात. कोण कुणासाठी आलं याची नोंद कुठेच नाही.

मी म्हटलं, "म्हणजे पाठराखणी झाल्या की गं. नवरीसोबत सासरी आल्या, नवरी माहेरी परतली, अन् ह्यांचा मुक्काम तिथंच."

ती खो खो हसली. "ताई, लय भारी शब्द दिलाव." हसता हसता माझं खोडरबर उचलून हुंगलं. धाकट्या लेकीचं आहे, गुलाबाच्या वासाचं, तिच्या कंपासातून मीच ढापलंय. "कुठं मिळालं वो? काय वास यायलाय!" तेवढ्यापुरती बरी वाटली.

६ जुलै

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय शब्द काढलाय महादेवीनं — पाठराखीण!"

शब्द माझा! ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सरांना फोन आला. नंतर दिवसभर तोंड होतं की तिला. नाही बोलली.

७ जुलै

तिने वही घातली. निळी, दोनशे पानी. प्रत्येक पॅकेजचं नाव, ते आपण मागवलेलं की पाठराखीण, आणि पाठराखीण असेल तर कुणासोबत आली. तिच्यापुढे पेन्सिलीने ‘पा’. नवरी गेलेली दिसली की तिच्या ‘पा’ काढायच्या. इतकं साधं. मला सुचायला हवं होतं, तेच झोंबतंय.

८ जुलै

गाडी पाऊण तास लेट. पोचले तर सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून वही बघत होते. मी आल्याचं कुणाला कळलंही नाही.

११ जुलै

तीस एमबी मोकळे झाले. सर मला म्हणाले, "नर्मदाताई, जरा शिकून घ्या हिच्याकडून."

शिकून घ्या!

१३ जुलै

केलं.

ती डबा खायला गेली होती, वही टेबलावर उघडी. पडद्यावर चौकटी आखणारं एक पॅकेज आहे. त्याच्यापुढे ‘पा’, नवरी कधीच गेलेली, पण बाजूला बारीक ‘न’. त्या पानावर दुसऱ्या कुठल्याच ओळीत असं अक्षर नाही. न म्हणजे ‘नंतर काढायचं’, दुसरं काय? तिच्या पिकांच्या आलेखांना अजून लागत असणार. मी माझ्या खोडरबराने ‘न’ खोडला. आता ती ते आजच काढेल, आणि परवा औरंगाबादचे पाहुणे कक्षाचं काम बघायला येतील तेव्हा तिचे आलेख उघडणार नाहीत.

कळू दे सरांना.  

१५ जुलै

आलेख उघडले. सगळे.

मग सर म्हणाले, आता पावसाचा तक्ता दाखवा. माझा! एक इंग्रजी ओळ आली, अमुक फाइल सापडत नाही, आणि पुढे काही नाही. पाहुणे खुर्चीत चुळबुळ करायला लागले. मी तीनदा तेच बटण दाबलं.

माझा प्रोग्रॅम लिनक्सवर बसवून दिला तो महादेवीनेच. त्याच्या चौकटी त्या पॅकेजातून येतात हे तिला माहीत, मला नाही. न म्हणजे मी.

सर तापले. "वहीत लिहिलं नव्हतं का हे?" तिने पान उलटलं, त्या ओळीवर थांबली, वही तोंडाजवळ नेली. नजर कमी असावी तिची. मग म्हणाली, "न्हाई सर. माझंच लिहायचं राहिलं." फ्लॉप्या काढल्या आणि अर्ध्या तासात सगळं परत चढवलं.

तिला वाटतंय, आपणच विसरलो. वाचले.

१६ जुलै

डबा तसाच परत आणला.

२९ जुलै

सरांनी नाव पाठवलं. माझं. "एवढी चूक करणारीला कसं पाठवू?" म्हणाले. जुन्याच लेटरहेडवर विद्यापीठाचं नवं नाव शिक्क्याने उमटवलं, सही केली, मला दाखवलं. महादेवी म्हणाली, "ताई, पेढे पायजेत." आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

१ ऑगस्ट

महादेवीने वही मला दिली, पुण्याला उपयोगी पडेल म्हणून. पहिल्याच पानावर, ७ जुलै तारीख घालून: ‘पाठराखीण — शब्द नर्मदाताईंचा.’

चौकटींच्या ओळीत ‘न’ परत लिहिलाय. या वेळी शाईने.

त्या जागेला नाक लावून पाहिलं. गुलाबाचा वास अजून येतोय.