सगळ्या ताई, मी मॅडम

८ जुलै, सोम.
या शाळेत दोन वर्षं झाली. बाकी सगळ्या शिक्षिका एकाच गुरुमाउलींच्या शिष्या. मुली त्यांना शुभाताई, रेखाताई म्हणतात. मला एकटीला मॅडम. कुणी शिकवलं नाही, आपोआप. विज्ञानाला त्यांच्यातलं कुणी मिळेना म्हणून मला घेतलं. पुनावळ्यातल्या घरापासून चालत जाण्याइतकं अंतर, लेकीला, ईराला, तिसरीत प्रवेश, म्हणून मी आले. त्रास काही नाही. सगळे गोडच बोलतात. त्याचाच थकवा येतो.

११ जुलै, गुरु.
गुरुवार, शाळेचा उपवास. नववीतली वेदिका प्रयोगशाळेत बसल्या जागी कलंडली. ओठ पांढरे. सकाळपासून पाणीसुद्धा नाही. आधी पाणी पाजलं, मग माझा डबा उघडला. पोळी आणि लसणाची चटणी, परभणीहून आईनं पाठवलेली. दीड पोळी खाल्ली पोरीनं. तोंडावर रंग आला आणि रडायलाच लागली. एकवीस दिवसांचं तिचं अनुष्ठान, आज एकोणिसावा. लसूण तर वर्ज्यच. मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. की आठवलं होतं?

१२ जुलै, शुक्र.
शाळाभर झालंय. शुभाताई रोज माझ्याशेजारी डबा खाते. आज वह्या घेऊन पलीकडच्या टेबलावर.
वेदिकाचे वडील चाकणहून शिफ्ट सोडून आले. भांडले असते तर बरं झालं असतं. हात जोडले.
"पोरीला सांभाळलंत, उपकार आहेत मॅडम. पण तुम्ही बाहेरच्या. आमचं काय मोडलं, तुम्हाला नाही कळायचं."
"चुकलं माझं," म्हटलं. नक्की काय चुकलं, ते त्यांनी विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

१५ जुलै, सोम.
जिन्यात वेदिका.
"बरी आहेस ना?"
"मला विचारायला पाहिजे होतं तुम्ही."
"तू शुद्धीत नव्हतीस, बाळा."
"पाणी प्यायल्यावर होते."
खरंय. होती. मीच घास भरवत राहिले.
अनुष्ठान कशासाठी ते आज कळलं. आजीचं हृदयाचं ऑपरेशन, २३ तारखेला. परत पहिल्या दिवसापासून धरलंय, पण तोवर एकवीस होत नाहीत. हे तिनं रागावून नाही, हिशेब सांगितल्यासारखं सांगितलं. नंतरचा तास कसा घेतला, आठवत नाही.

१८ जुलै, गुरु.
मोठ्या ताईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. चहा माझ्यापुरताच, त्यांचा उपवास.
"तुम्ही वाईट नाही हो. फक्त आपल्यात नाही. पुढच्या गुरुवारी सत्संगाला या, माळ घ्या. विषय संपला."
"आणि नाही घेतली तर?"
"पालकांना मी काय सांगू, तुम्हीच सांगा." त्याही दमलेल्या दिसल्या. सोमवारी उत्तर द्यायचंय.
नवरा, संतोष, फर्स्ट शिफ्ट करून आला, त्याला सांगितलं. "माळच ना? घाल की. गळ्यात घातली म्हणून मनात जाते का?"
मला वाटतं, जाते. आणि जाणार नसेल तर त्या लोकांसमोर कुठल्या तोंडानं घालू?

१९ जुलै, शुक्र.
राजीनामा लिहिला. 'वैयक्तिक कारणास्तव'पर्यंत येऊन थांबले. ईराच्या सगळ्या मैत्रिणी इथल्याच.

२१ जुलै, रवि.
ईरा जेवणाआधी त्यांची प्रार्थना म्हणाली, डोळे मिटून, एक शब्द न चुकता. मग, "आई, मुली म्हणतात तू बाहेरची. मग मी?"
"तू आधी जेव," म्हटलं. संतोषनं माझ्याकडे बघितलं. "तुझं ताट?"
"नंतर."
वेदिकाचा आज दहावा दिवस. आजीला आज दाखल करणार होते. माझ्या पोटात सकाळपासून काही नाही. ठरवून नाही. देवासमोरही बसले नाही. घास घ्यावासाच वाटला नाही, एवढंच. चार वाजून गेलेत. संतोषनं दोनदा विचारलं, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.
उद्या सोमवार. मोठ्या ताईंना काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये.