दोन्ही बटणं

१२ फेब्रुवारी
पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या कंट्रोल बोर्डाचं स्टेट मशीन — कुठल्या अवस्थेनंतर कुठली — व्हेरिलॉग या सर्किटच्या भाषेत लिहून झालं. अवस्था चारच — थांबलेली, तयार, प्रेस खाली, सुटकेची वाट. दोन्ही बटणं दाबलेली असली तरच प्रेस खाली येते. म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर. शेवटची अवस्था माझी भर: दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा ठोका नाही. कोणी एक बटण बांधून ठेवलं तर काम तिथेच अडेल. गुरुप्रसाद सर म्हणाले, "चांगलंय. बसवा."
बोर्ड अब्बा कामाला आहेत त्याच कारखान्यात जाणार. घरी बोलले नाही.

१६ फेब्रुवारी
बसवला. पहिल्या ठोक्यानंतर अब्बांची प्रेस अडली. फोरमन सयाजी ओरडला, "ताई, तुमचा बोर्ड झोपला की!" मी सिग्नल पाहिले. डावं बटण दाबलेलंच. जवळ गेले — सायकलच्या ट्यूबचा तुकडा, घट्ट बांधलेला. अब्बांनी तो सोडून खिशात घातला.
सयाजीला म्हटलं, वायर सैल होती.

१७ फेब्रुवारी
अब्बांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. घरी फक्त 'दुखतोय' म्हणायचे. बटण खांद्याहून उंच. म्हणून ते बांधायचं, दुसरं उजव्यानं दाबायचं, आणि डावा हात साच्यात — पत्रा सरकवायला.
"ती एक अवस्था काढ की."
"बोटं जातील, अब्बा."
"अजून गेली न्हाईत. नोकरी मातूर जाईल."
"बटणं खाली घ्यायला सांगते."
"कशापायी म्हणून इचारतील. काय सांगशील? गप बस."
अम्मी भाकरी थापत होती. थांबली नाही.

१९ फेब्रुवारी
अवस्था काढून सिम्युलेशन चालवलं. डावं बटण कायम दाबलेलं, ठोक्यामागून ठोका. आलेखावर सगळं स्वच्छ दिसतं. हात आलेखात नसतो.
परत घातली.

२३ फेब्रुवारी
अब्बांना काढलं. दर ठोक्याला ट्यूब सोडायची, परत बांधायची; ठोके निम्म्यावर आले, तेव्हा सयाजी शेजारी उभा राहून बघत बसला म्हणे. "एका हातानं भागवत होतास व्हय, बाबालाल?"
संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी अब्बा वुजूला, हातपाय धुवायला, बसले. डाव्या हाताची बोटं उजव्यानं एकेक धुतली. पाचही आहेत. माझ्याकडे पाहिलं नाही.

१ मार्च
बोर्ड तपासायला कारखान्यात गेले. अब्बांच्या जागी आलेला माणूस बुटका. हात पुरेनात म्हणून सयाजीनं बटणं वीतभर खाली घेतलीत.
कारण लिहून द्यावं लागलं का, विचारलं.
"कसलं कारण, ताई? चार बोल्ट तर हायत."