मालक नसलेला आवाज

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (तुला वाचून दाखवणाऱ्या यंत्राला ही अक्षरं जमली नाहीत, तर मी वाकून नमस्कार केला असं समज.)

काल संमेलनाला पोचले. एवढ्या सभागृहात पिकल्या केसांची मी एकटीच. जमिनीवर वायरींचं जंजाळ, त्यावर चिकटपट्ट्या, आणि खुर्च्या रिकाम्या असताना भिंतीशी मांडी ठोकून बसलेले प्रोग्रामर. गळ्यातल्या कार्डावर नावाखाली ‘काय करता’ अशी ओळ होती. मी ‘तक्रार’ लिहिलं. नोंदणीवरच्या मुलीला हसू आवरेना. म्हणाली, इथे निम्मे लोक त्यासाठीच येतात.

तुझा वाचून दाखवणारा प्रोग्राम याच मंडळींनी फुकट, सगळ्यांना आतून बघता येईल असा केलेला. त्यातला आपल्या भाषेचा आवाज सांभाळणारा माणूस सोडून गेला, म्हणून पुढच्या आवृत्तीतून तो काढणार, हे तूच कळवलंस. तेव्हा मी सरळ मालक कुठे बसतो ते विचारलं. मालकच नाही म्हणे! ज्याला जाब विचारावा तो उलट मलाच विचारतो, तुम्ही बघाल का. मी इतकी वर्षं प्रयोगशाळा चालवली, पण असा कारभार पाहिला नाही. चालतो मात्र झकास. कसा, ते शोधून काढल्याशिवाय हलत नाही.

तब्येतीला जप, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि थोडा दम.

तुझं पत्र यंत्रानं एका दमात वाचलं. तू बोलतेस तसंच, त्यामुळे फरक जाणवला नाही. परक्या लोकांवर डाफरू नकोस. तिथे तुझे शिपाई नाहीत.

आवाज गेला तर सून वाचून दाखवीलच. गुणी आहे पोर. पण मला त्रास होईल असं काही आलं की गाळते. ती वाचता वाचता अडखळते आणि आवाज उगीच गोड होतो, तेवढ्यावरून मला कळतं. आपली मामी गेल्याचं मला सगळ्यांच्या शेवटी कळलं, ते असंच. यंत्र माझी कीव करत नाही, म्हणून मला ते हवंय. तरीही माझ्यासाठी कुणापुढे पदर पसरू नकोस.

आणि एक विचारून ये. पगार नाही, बढती नाही, तर ही माणसं हे करतात कशासाठी?

तापट असलीस तरी माझीच आहेस.
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज नमस्कार जरा जास्तच वाकून.

तुझा प्रश्न विचारला. एक दाढीवाला म्हणाला, आधी स्वतःला खुपलं ते दुरुस्त केलं, मग कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी ते वापरायला घेतलं, आता सोडवत नाही. दुसरा म्हणाला, बायकोही हेच विचारते, उत्तर सापडलं की दोघींना कळवतो.

दुपारी आवाजांची बैठक झाली. मी उभी राहून ठणकावलं की कुणीतरी हे काम घेतलंच पाहिजे. इथली रीत अशी, की ‘कुणीतरी’ म्हणणाऱ्याला त्या कुणीतरीचं नाव विचारतात. दोन प्रोग्रामर तयार झाले, पण त्यांना आपली भाषा येत नाही. कुठे चुकतंय ते रोज ऐकून सांगणारं माणूस असेल तरच आवाज ठेवतात. मी तुझं नाव दिलं. विचारलं नाही, कबूल. सोमवारपर्यंत तुझा होकार गेला नाही, तर आवाज निघाला.

शिव्या द्यायच्या तर यंत्राकडून वाचून घेऊन, तपासून पाठव.
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

मला न विचारता वक्तृत्व स्पर्धेत माझं नाव देणारी तूच ना? खोड जायची नाही तुझी. दृष्टी गेल्यापासून मी कुणाच्या कामात नसते, आणि तसंच बरं आहे. म्हणून त्या दोघांना स्पष्ट नकार लिहिला. शिकवायची सवय; नुसतं नाही म्हणवेना. कारणं दिली, दाखल्यांसकट. यंत्र प्रश्नसुद्धा हुकूम सोडल्यासारखा वाचतं. फोन नंबर कोटींत सांगतं. विनोदी गोष्ट वाचताना सुतकात बसल्यासारखं वाटतं. अशा आवाजाची जबाबदारी मी घेणार नाही, असं ठणकावून संपवलं.

त्यांचं उत्तर आलं, की एवढी नेमकी तक्रार आजवर कुणी पाठवली नव्हती, फोन नंबर सुधारलाय, ऐकून बघाल का. बघितलं. आता शून्यच खाऊन टाकत होतं! तसं कळवलं. त्यांनी पुन्हा बदललं, मी पुन्हा हाणून पाडलं. सोमवार त्यातच गेला. काल त्यांनी कळवलं, आवाज राहिला. माझा होकार कुठाय, ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

सून दोनदा चहा ठेवून गेली. तिला वाटलं मी कुणाशी तरी भांडतेय.

सकाळी फोन करू नकोस, मी कामात असते. लोभ आहेच, वेळ नाही.
ताई