सड्यावरची माती

आये, सड्यावरचा आपला नाचणीचा तुकडा उद्या विकला जाणार आहे. काका त्यासाठीच मुंबईहून आले आहेत. गावात मी कुणापाशी काही बोललो नाही, म्हणून तुला लिहितो आहे. हे टपालात पडणार नाही, एवढं मला कळतं.

सडा अजून बराचसा तसाच आहे. चढण संपली की एकदम सपाट, नजर पोचेल तिथवर काळा कातळ, आणि पश्चिमेला हर्णेच्या होड्या. पावसात कातळावर बोटभर पाणी उभं राहतं, मग बारीक फुलं येतात, मग गवत, आणि शिमग्यापर्यंत सगळं करपून जातं. असल्या जागी शेत कसं झालं, हे मी तुला लहानपणी विचारलं होतं. तू सांगितलंस की पुरुषमाणसं मुंबईला, खालच्या खाचरातलं भात वर्षाला पुरायचं नाही, म्हणून आजीच्याही आधीच्या बायकांनी वहाळातला गाळ पाट्यांनी वर नेला, कातळातल्या खोलगटात ओतला आणि भोवती दगडांचा गडगा रचला. दर पावसात थोडी माती वाहून जायची, ती उन्हाळ्यात परत न्यायची. मला आठवतं ते वैशाखातलं. तू पुढे, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. मी मागे माझी छोटी टोपली घेऊन. चढणीवर तू बोलत नाहीस. वर पोचून माती ओततेस, हाताने पसरतेस. परत निघताना मी गडग्यावरून बाहेर उडी मारतो, तर तू दंडाला धरून मला आत ओढतेस.

"पाय झाड आधी. घरला न्यायला नाय आणली ती."

मी एका पायावर उभा राहून तळवे झाडतो. बाकी कुठल्या गावात असं करत असतील असं वाटत नाही. दापोलीला ज्या दुकानात मी कामाला आहे तिथे हे सांगितलं, तर पोरं दिवसभर हसत होती.

आता शेजारच्या कातळावर चिऱ्याची खाण आहे. यंत्र चौकोनी काप घालत जातं, लाल धूळ उडते, खाली वाडीतल्या विहिरीचं पाणी फाल्गुनातच तळाला जातं. आपला तुकडाही खाणवाल्यालाच हवा आहे. करारनामा मी शब्द न शब्द वाचला. त्यात 'पोटखराब कातळ', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलंय. माती कुठेच नाही. मी काकांना म्हटलं, निदान शेत होतं एवढं तरी लिहायला सांगू. ते म्हणाले, लिहून काय होणार, खणायचा त्यांना चिराच. माती जेसीबी एका सकाळीत बाजूला करील. वर त्यांनी विचारलं, "तू काय वांदरांसाठी नाचणी लावणार हायस?" तू गेल्यापासून तिथे काही पिकलेलं नाही. त्यांचे गुडघे गेलेत, ऑपरेशन करायचंय. लहानपणी त्यांनीही ती चढण माती घेऊन चढली आहे. त्यांच्यावर रागावता येत नाही.

तुझ्या बाजूने बोलावं, तर तू काय म्हणाली असतीस तेही मला नीट माहीत नाही. शेवटच्या आजारात तुला मान वळवता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हे ओझ्याचं. मी तुला विचारलं, मग कशाला नेलीस एवढी माती? तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "सासूनं नेली म्हणून." पुढे काहीतरी बोलशील म्हणून मी थांबलो होतो. तू पाणी मागितलंस.

मी सही केली नाही तर व्यवहार अडेल, कारण उताऱ्यावर माझंही नाव आहे. हे काकांना माहीत आहे, मलाही. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागेल, आणि काकांसमोर टिकेल असं एकही कारण मला सापडत नाही.

काका पडवीत गुडघ्यांना तेल चोळत बसलेत. हे संपलं की मला आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला जायचंय. त्यांनी दोन सांगितल्या आहेत. मी चार काढणार आहे. उद्या कमी पडल्या तर पंचाईत होईल.