दुसरा टँकर

मिरजगाव, ता. कर्जत
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय शरिफा,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इकडे सगळे धडधाकट आहेत. हातात मोबाईल असताना ही बया पत्र कशाला लिहिते, असंही म्हणशील. पण फोनवर तू बोलू देतेस का? 'बरी हाय, तू बरी हायेस ना, गिऱ्हाईक आलं गं,' एवढ्यात तुझा फोन संपतो. मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. तुम्ही दोघांनी परत इकडे यावं असं मला वाटतं, रोज वाटतं. पण ये म्हणण्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे, ती केल्याशिवाय मला तसं म्हणायचा हक्क नाही. चौथा कागद आहे हा. पहिले तीन फाडले. तेव्हा जरा दमाने वाच.

तू भीमाबरोबर पाठवलेली शेंगदाण्याची चटणी पोचली. कांद्याचा ट्रक घेऊन तो महिन्यातून दोन-तीनदा बंगळूरला जातो, जाता-येता तुझ्या हॉटेलात जेवतो आणि इथे येऊन तुझ्या हातचं वर्णन करून मला जाळतो. तू म्हणे आता कडक भाकरी करतेस, पापडासारखी. खर्डा गावची पोर ती, बाजरीची भाकरी थापताना शाळेचा पाढा म्हणायची, ती चार वर्षांत पार विजापूरची होऊन बसली! चटणी चांगली आहे. लसूण जास्त आहे, पण चांगली आहे. दिशा पुण्याहून आली होती तेव्हा निम्मी बरणी तिनेच संपवली आणि जाताना मला उपदेश करून गेली की आई, पंप विकून टाक, आता पुढे सगळं विजेवरच चालणार. पोरीला सांगितलं, तुझ्या शिक्षणाची फी या डिझेलनेच भरली आहे, तेव्हा नाक जरा कमी मुरड.

तू शेवटचं पाहिलं होतंस तसं इथे काही राहिलेलं नाही. तेव्हा पंपावर सहा जण होते, आता दोन आहेत. कल्याणचं पंक्चरचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली. तो सुप्याच्या एमआयडीसीत वॉचमन आहे, आणि ज्याच्या हाताला कायम काळं वंगण असायचं तो आता इस्त्रीचे कपडे घालून गेटावर बसतो, ते काही त्याला शोभत नाही. बनुबाई झाडायला यायची ती आता उसाच्या खुरपणीला जाते. तुझ्या हॉटेलच्या पत्र्याखाली मी कुणाला बसू दिलं नाही. एक जण मोबाईलचं दुकान टाकतो म्हणून आला होता, भाडंही बरं देत होता. त्याला हाकलला. आप्पासाहेब रागावले. माझे दीर आहेत, निम्म्या हिश्श्याचे मालक आहेत, रागवायचा हक्क आहे त्यांना. पण तिथे मोबाईलची कव्हरं लटकलेली मला बघवली नसती.

लोकांना वाटतं, डिझेल महाग झालं की पंपवाल्याची चांदी. परवा एक मोटारसायकलवाला शंभराचं पेट्रोल भरून मला म्हणाला, 'वहिनी, खावा खावा, आमच्याच खिशातनं खावा.' त्याला काय सांगू? एका लिटरमागे दिल्लीचा कर, त्यावर मुंबईचा कर, आणि आपलं कमिशन ठरलेलं, भाव शंभर असो की साठ. भाव वाढला की आपल्याला एक पैसा जास्त नाही, उलट टँकर मागवताना आधी जास्त रक्कम भरायची. पण आपला धंदा मोटारसायकलवर कधीच नव्हता, हे तुझ्याहून जास्त कुणाला माहीत? आपण जगलो ट्रकवर. चारशे लिटरची टाकी भरायला गाडी थांबली, की ड्रायव्हर तुझ्याकडे जेवणार, कल्याणकडे टायर दाखवणार, क्लीनर बनुबाईच्या पोराकडून केळी घेणार. डिझेल थांबवायचं आणि बाकी सगळे त्याच्या मागे जेवायचे. तेच डिझेल दोनशे किलोमीटरवर तुमच्या विजापूरकडची हद्द ओलांडली की आठ-नऊ रुपयांनी स्वस्त मिळायला लागलं, मग इथे कशाला कोण थांबणार होतं? एका टाकीमागे तीन हजार वाचत होते. मी ड्रायव्हर असते तर मीही हॉर्न वाजवत पुढे गेले असते.

आमचे सूर्यभान गेले तेव्हाचं आठवतं का गं तुला? चौदाव्या दिवशी मी ऑफिसात येऊन बसले आणि गावभर चर्चा झाली. तू भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी आलीस आणि दारातच उभी राहिलीस, कुणी काही बोललं तर त्याचं तोंड फोडायला. आणि शमशेरभाईंनी माझी खुर्ची उचलून फिरवली. म्हणाले, 'ताई, तोंड रस्त्याकडं करून बसा. पाठ दिसली की गिऱ्हाईक जातं.' पुढच्या दहा वर्षांत त्या माणसाने मला धंदा शिकवला. मनमाडहून टँकर आणणारा ड्रायव्हर होता तो, तुझा नवरा म्हणून मी सूर्यभानकडे शब्द टाकला आणि मॅनेजर झाला. आम्हीच उपकार केले असं मला कित्येक वर्षं वाटायचं. टाकीत काठी सोडून माप कसं घ्यायचं, टँकर आला की त्याला आधी थोडा वेळ उभा ठेवून मगच का उघडायचा, कुठल्या ड्रायव्हरच्या नजरेला नजर द्यायची आणि कुठल्याच्या नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. तू मात्र मला नुसतं जेवू घातलंस. रात्रीचं म्हण, दुपारचं म्हण, मी एकटी जेवले असं त्या दहा वर्षांत झालं नाही. आता मी डबा उघडते आणि भिंतीकडे बघत जेवते. मला तुझी फार आठवण येते, शरिफा. हे मी फोनवर कधी बोलले नाही.

आता त्या दिवाळीचं. तुला ती अर्धीच माहीत आहे.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे टाकीच्या काठीची पूजा असते, तू दरवर्षी पाहिली आहेस. काठी टाकीत सोडायची, ती वरच्या खुणेपर्यंत ओली निघाली पाहिजे, मग तिला हळदकुंकू. टाकी अर्धी ठेवून लक्ष्मी पूजायची नाही, हा सूर्यभानच्या वडिलांपासूनचा नेम. २०२१ साली दिवाळीच्या दोन दिवस आधी शमशेरभाई मला म्हणाले, 'ताई, दर लई वर गेल्यात. कधी खाली येतील न्हाई सांगता येत. एकच टँकर मागवू.' मी त्यांच्यावर ओरडले. सूर्यभान असते तर अर्ध्या काठीची पूजा केली असती का, असं विचारलं. दोन टँकर मागवा म्हणून मीच सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर फोन केला. पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी दोन्ही टँकर रिते झाले, काठी तोंडापर्यंत ओली निघाली, आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली की दिल्लीने कर उतरवला. सकाळी सहाला मशीनवर नवा भाव, लिटरमागे दहा-बारा रुपये कमी. जुन्या कराने पैसे भरून घेतलेला माल नव्या भावाने विकायचा. पावणेतीन लाख एका सकाळीत गेले. गिऱ्हाईक मात्र हसत पेढे देत होतं. त्याच वेळी हद्दीपलीकडच्या राज्याने स्वतःचाही कर आणखी उतरवला, आपल्याकडे उतरवला नाही, आणि ट्रक जायचे ते गेलेच. तेलही गेलं, तूपही गेलं.

पाडव्याला आप्पासाहेब नगरहून आले. ऑफिसात मी होते, शमशेरभाई कपाटाजवळ उभे होते. आप्पासाहेबांनी विचारलं, 'दुसरा टँकर कुणी मागवला?' मी म्हणाले, 'फोन शमशेरभाईंनी केला होता.'

खोटं नाही ना? फोन त्यांनीच केला होता. मी स्वतःला पुढे कितीतरी दिवस हेच सांगत राहिले. आप्पासाहेबांची मला भीती वाटली. बाईमाणसाच्या हातात धंदा दिला की असंच होतं, हे वाक्य त्यांच्या ओठावर होतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. शमशेरभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, 'व्हय साहेब, फोन म्याच केला हुता.' बस. पुढे डिसेंबरात माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, ज्याची चूक त्याच्यापासून सुरुवात करू. तेव्हाही मी गप्प होते. नवराच पंपावर नाही तर हॉटेल कुणासाठी, म्हणून तूही चूल विझवलीस. तुम्ही टेम्पो भरलात त्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि म्हणालीस, 'आमच्या ह्यांच्यापायी तुझं लई नुकसान झालं गं माले, माफ कर.' तू माझी माफी मागितलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. या हाताची मला अजून लाज वाटते.

मला वाटलं, तिकडे गेल्यावर ते तुला सांगतीलच. नवराबायकोत कुठे काय लपून राहतं? म्हणून तू फोनवर तुटक बोलायला लागलीस तेव्हा मी समजून गेले, हिला कळलंय. राग आलाय, येणारच. चार वर्षं मी तो राग गुपचूप सोसला आणि त्यातच प्रायश्चित्त झालं असं धरून चालले. बघ, किती स्वस्तात सुटायला निघाले होते.

मध्ये तुमच्या बाजूला गेल्या वर्षी कर वाढला, यंदा एप्रिलमध्ये पुन्हा वाढला. आता दोन्हीकडच्या भावात फारसं अंतर उरलेलं नाही. इथे पुन्हा गाड्या थांबायला लागल्या. पहिल्या दिवशी सलग पाच ट्रक लागले तेव्हा मी आनंदाने ऑफिसातून बाहेर येऊन उभी राहिले, आणि पाचव्या ट्रकला मनात आलं, हा तर कालपर्यंत विजापूरला, शमशेरभाई आता कामाला आहेत त्या पंपावर थांबणारा ट्रक. भीमा सांगतो, तिकडेही आता माणसं कमी करणार आहेत, आणि सगळ्यात वयस्कर तेच आहेत. कुठेतरी कुणीतरी कागदावर दोन रुपये इकडचे तिकडे करतो आणि आपल्यासारख्यांनी चूल उचलून त्याच्यामागे पळायचं. पण सगळं त्या कागदावर ढकलून मला चालणार नाही. कर उतरला तो काही माझ्या हातात नव्हता. 'मी मागवला' एवढं म्हणणं माझ्या हातात होतं.

गेल्या रविवारी आप्पासाहेब आले तेव्हा मी ते म्हणाले. दोन्ही पोरांना मशीनवरून बोलावून त्यांच्यासमोर म्हणाले. आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, 'चार वर्सं लागली व्हय, वहिनी?' आणि उठून गाडीत जाऊन बसले. संध्याकाळी फोन आला, मॅनेजर शमशेरभाईंनाच करा, तेही मी सांगितलं म्हणून नको, तुम्ही स्वतः बोलवा. तर जागा आहे. हॉटेलचा पत्राही आहे, उंदरांनी मात्र ओट्याची वाट लावली आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही आलात तरी मला बोलायला तोंड नाही.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. मागच्या शुक्रवारी भीमा चटणी देऊन चहा पीत बसला होता आणि हसत हसत सांगत होता, 'मावशी काकाला लई हानती बगा तोंडानं. जरा इक्री कमी झाली की म्हनती, तुमी त्यो दुसरा टँकर मागवला नसता तर आज माज्या मालीजवळ असते मी. आन् काका आपला मान खाली घालून कांदा चिरतोय.' तो गेल्यावर मला उमगलं. म्हणजे त्यांनी तुला सांगितलंच नाही. चार वर्षं, रोज तुझ्या शेजारी उठूनबसून नाही. तुला तुझी मैत्रीण राहावी म्हणून तुझ्या शिव्या खात राहिले. आणि तू रागाने तुटक बोलत नव्हतीस गं, माझ्यासमोर तुला लाज वाटत होती. तुझी काही एक चूक नव्हती, त्यांची नव्हती. टँकर मी मागवला होता, शरिफा. हे वाचून झालं की उठ आणि त्यांच्याजवळ जा. मला पुन्हा कधी फोन केला नाहीस तरी चालेल, पण आजपासून त्या माणसाला त्यावरून एक शब्दही बोलू नकोस. बोलायचं ते सगळं मला बोल.

तू ठेवलीस तर अजूनही तुझीच,
माली