तंबोऱ्यावरचा बत्ता

कलकत्ता, ता. ६ नोव्हेंबर १९४०

तीर्थस्वरूप काकांचे सेवेशी, मदनसिंगाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे खुशाल आहे. तबकड्यांच्या दुकानातली नोकरी बरी चालली आहे. परवा मालकांनी मला एका हॉटेलात हवाई बेटांवरच्या वादकांना ऐकायला नेलं. ही बेटं इतकी लांब की नकाशात शोधायला मालकांना चष्मा लागला. तिथला वादक गिटार मांडीवर आडवी ठेवतो आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतच नाही. हातातला लोखंडाचा गुळगुळीत तुकडा नुसता सरकवतो. काका, तशी मींड मी तुमच्या सतारीनंतर ऐकली नव्हती.

म्हणतात, पन्नासेक वर्षांमागे तिकडचा एक शाळकरी पोरगा गिटार घेऊन रुळांच्या कडेने चालला होता. पडलेला बोल्ट उचलून त्याने तारांवर सरकवला आणि ही विद्या निघाली. आता तो सूर अमेरिकेच्या तबकड्यांत आहे, इथल्या बंगाली गाण्यांत आहे, बोलपटांतही शिरला आहे.

लिहू की नको असं झालं होतं, तरी लिहितो. कापसाच्या जिनातल्या यंत्राच्या पट्ट्याने तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली तेव्हापासून सतार खुंटीला आहे. या वादनाला ती बोटं लागत नाहीत. दुसरं, फय्याजचं पत्र आलं. त्याचे अब्बा, म्हणजे तुमचे रहीम उस्ताद, आपल्या शेजारच्या मालेगावात अंथरुणाला खिळले आहेत आणि तुम्ही का येत नाही म्हणून विचारतात.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घालावा. माया आटू देऊ नये.

आपला,
मदन

---

जऊळका, ता. १८ नोव्हेंबर १९४०

चि. मदनसिंग यास भाऊसिंगचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या बेटावरच्या पोराची गोष्ट आपल्या स्टेशनमास्तरांना सांगितली. ते म्हणाले की जऊळक्याच्या रुळावरचा बोल्ट कोणी उचलला तर पोलीस आधी त्याला गायला लावतील, वाजवायचं मागून. तेव्हा ही विद्या आपल्याकडे काहून निघाली नाही, ते कळलं. आणि मांडीवर आडवं घेतलेलं वाद्य म्हणजे तापाने फणफणलेलं पोर. लोक त्याचे पैसे देतात, त्यावरून कलकत्त्यात पैसा बराच असावा.

उस्तादांकडे काय घेऊन जाऊ? नुसते हात जोडायला जाणारे मालेगावात पुष्कळ आहेत. मी त्यांचा शागीर्द. ते माझ्या हाताकडे बघून हळहळतील, आणि त्यांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला त्यांची हळहळ पचायची नाही. हल्ली भजनात तंबोरा छेडतो. त्याला डावा हात लागत नाही, अक्कलही लागत नाही. हा विषय पुन्हा काढू नये.

लोभ आहेच, पत्राने तो उगाच ताणू नये.

भाऊसिंग

ता. क. तो लोखंडाचा तुकडा केवढा असतो? सहज विचारतो.

---

जऊळका, ता. १० डिसेंबर १९४०

चि. मदन यास रुपाकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुया काकानं मले लग्नानंतर अक्षरं शिकवली, ते आता त्यायचीच चुगली कराले कामी येऊन राह्यली. माया खलातला पितळी बत्ता गायब झाला. मी भांडेवालीवर संशय घेतला, बिचारीले नाही नाही ते बोलली. मंग एक दिवस बंद खोलीतून आवाज आला, विहिरीत मांजर पडल्यावानी. फटीतून पाह्यलं तं हे तंबोरा आडवा घेऊन बसले, अन् तारायवरून माया बत्ता फिरवून राह्यले. सतारीच्या पडद्याले बत्ता अडकते, तंबोऱ्याले पडदेच नाहीत, असं आपल्याशीच बोलत होते.

मी इलायची पाट्यावर वाटून राह्यली, पण बत्ता काही मागितला नाही. फक्त खरखर लय होते, अन् कोणाले इचारतील तं ते तुये काका कायले? तूच त्या बेटवाल्यायले इचार, अन् सहज लिहिल्यासारखं लिही. मले सतार नको न् काही नको, त्यायचा मालेगावचा रस्ता मोकळा झाला पाह्यजे. उस्ताद भेटीविना गेले तं हे जन्मभर टोमणे मारत बसतीन, अन् ऐकाले घरात मी एकटीच.

तब्येतीले जप. काकूले इसरू नको, अन् हे पत्र फाडून टाक.

रुपाबाई

---

कलकत्ता, ता. २ जानेवारी १९४१

तीर्थस्वरूप काकांचे सेवेशी, मदनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आपण विषय काढू नये म्हणालात, म्हणून काढत नाही. तुकड्याचं माप तेवढं कळवतो: मधल्या बोटाएवढा लांब, अंगठ्याएवढा जाड, टोक गोल.

त्या वादकांपैकी एकाला मी उगाच विचारलं की एखाद्याची खरखर होत असेल तर काय करावं. तो म्हणाला, आधी सगळ्यांचीच होते. तुकडा दाबायचा नाही, स्वतःच्या वजनाने तरंगू द्यायचा. मानेच्या टोकाला तारांखाली चीप सरकवून तारा उचलायच्या. तुकड्यामागे एक बोट तारांवर हलकं टेकवायचं, की खरखर मरते. तंबोऱ्यावर कसं वाजेल हे त्यालाही ठाऊक नाही. वाजलं तर कळवा, म्हणून त्याने मला तीनतीनदा बजावलं आहे.

कृपादृष्टी राहू द्यावी.

आपला,
मदन

---

जऊळका, ता. ११ फेब्रुवारी १९४१

चि. मदनसिंग यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी तुला तंबोरा आडवा घेतल्याचं लिहिलं नव्हतं. तुला ते कुठून कळलं, हे विचारत नाही. बायकोला अक्षरं शिकवणाऱ्याने नंतर कुरकुरू नये.

मालेगावला जाऊन आलो. बैलांच्या दमणीत गादीवर तंबोरा होता आणि फळीवर मी. उस्तादांना आता दिसत नाही. त्यांनी माझा हात चाचपला, उरलेली बोटं मोजल्यासारखी धरली आणि सोडून दिली. फय्याज रुमाल काढून तयारच होता. मी तंबोरा मांडीवर घेऊन मारवा सुरू केला. बांबूची चीप, मागचं बोट, सगळं तुझ्या माणसाने सांगितलं तसं. सूर असा निघाला की मीच थोडा बिचकलो.

उस्तादांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले की बोटं गेली पण खोड गेली नाही, माझा रिषभ अजून चढाच लागतो. त्यावर त्यांनी मला अर्धा तास झोडपलं. मदन, इतकं गोड मी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. नंतर बत्ता मागून घेतला, त्याचा वास घेतला आणि विचारलं की या साजाचं घराणं स्वयंपाकघरातलं काय. जुम्म्याला रिषभ उतरवून ये, असा हुकूम आहे.

त्या बेटवाल्याला कळव की तंबोऱ्यावर वाजतं. आणि रुळाकडेच्या त्या पोराला जऊळक्याहून माझा दंडवत. आम्ही रोज त्याच लोखंडाकडे बघतो, आम्हाला फक्त गाडीला झालेला उशीर दिसतो.

काकूचा बत्ता आता परत मिळत नाही. तिकडून पितळी बत्ते धाड, चांगले जड बघून, दोन. मी वाजवून पाहीन. जो बेसूर निघेल तो तिच्या इलायचीले.

तुझ्यावर लोभ होताच, आता थोडं ऋणही आहे. दोन्ही राहू दे.

भाऊसिंग