जिम्मा घेण्याआधी

आबा, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेलं पत्र, लग्नपत्रिका, तहसीलचा कागद, सगळं मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. आता लिहिणारी मी आणि वाचणारीही मीच. तरी लिहायला बसले, कारण रविवारी मला एका माणसाला हो किंवा नाही सांगायचं आहे, आणि दुसऱ्यासाठी शब्द देणं म्हणजे काय हे मी पाहिलं ते तुमच्याच घरात.

आधी सांगायचं ते सांगून टाकते. मी ख्रिस्ती झाले. दोन वर्षं उलटून गेली त्याला. तुमचे जावई गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली होती आणि प्रत्येकाला एकच विचारायचं असायचं, शेवटी काय बोलले, कसं झालं, कुणाला आठवलं. मी तेच तेच सांगून थकले. त्या वेळी मी परभणीच्या सिस्टरांच्या वसतिगृहातल्या मुलींचे गणवेश शिवत होते. जिंतूरहून एसटीनं गठ्ठा घेऊन जायचं, मापं घ्यायची आणि परतीच्या गाडीला वेळ असला की शेजारच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचं. तिथं मला कुणी काही विचारलं नाही. कुणी ये म्हटलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही. असं दोन-अडीच वर्षं बसल्यावर एक दिवस मीच सिस्टरांना म्हटलं की मला हे शिकायचं आहे. त्यांनी चहा दिला आणि घरी पाठवलं. पुन्हा गेले तेव्हा फादर म्हणाले, घाई कशाची आहे, आधी मुलाला सांगा, भावाला सांगा. लोकांनी नंतर विचारलंच, काय दिलं त्यांनी. काही दिलं नाही आबा. उलट शिकायला बसले त्याच वर्षी गणवेशाचं काम मी आपण होऊन दुसऱ्या बाईकडं दिलं, कुणाला बोलायला जागा नको म्हणून.

तुमच्या नातवाला फोनवर सांगितलं. तो पुण्यात असतो. म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना? मग झालं." दादाला मात्र समोर जाऊन सांगितलं. तो गोठ्यात होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "आबा असते तर तुला दारात उभं केलं नसतं." पुढं दोन वर्षांहून जास्त तो माझ्याकडे फिरकला नाही. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्या घरातलं कुणीही नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवायला एक म्हाताऱ्या परिचारिका बाई होत्या. आमच्यात नव्यानं येणाऱ्या मोठ्या माणसासोबत कुणीतरी जुनं माणूस उभं राहावं लागतं. बाई असली तर तिला धर्ममाता म्हणतात. त्या माणसानं सगळ्यांसमोर सांगायचं असतं की ही बाई मनापासून आली आहे, मी हिला ओळखते. आणि मग ते तेवढ्यावर संपत नाही, पुढं जन्मभर बघायचं असतं. त्या बाईंनी मला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, मी गुडघे टेकले की तू टेक, समजायचं तेव्हा समजेल. आता त्या लेकीकडे लांब राहायला गेल्या आहेत.

गेल्या नाताळानंतर फादरांनी मला बोलावून सांगितलं की एक जोडपं वर्षभर येतं आहे, दोघांनाही ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, नवऱ्यासाठी माणूस ठरला आहे, बायकोसाठी तुम्ही उभ्या राहाल का. मी म्हटलं, मीच अजून कच्ची आहे. ते हसले आणि म्हणाले, कच्चेपण आठवतंय ते बरंच आहे. मी विचार करते म्हणाले. पोरगी सोनपेठकडची, चोवीस-पंचवीस वर्षांची. नवरा टेम्पो चालवतो. जिंतुरात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. आपली ओळख व्हावी म्हणून मी तिला म्हटलं, दुपारी येत जा, ब्लाऊज शिवायला शिकवते. ती येऊ लागली. हात चांगला होता तिचा, कटोरीचं माप एकदा दाखवलं की पुन्हा विचारायची नाही. प्रार्थनाही सगळ्या पाठ होत्या, माझ्याहून बिनचूक.

मग एके दुपारी काज करता करता तिनं सुई खाली ठेवली. म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलायलेय. मला यातलं काईच आतून वाटत न्हाई." मी मशीन थांबवलं. ती सांगत गेली. नवरा लय प्यायचा. प्रार्थनेला जाऊ लागल्यापासून, म्हणजे वर्ष उलटलं, थेंब शिवलेला नाही. त्याला वाटतं, दोघांनी मिळून बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं तर हे टिकेल. तिला वाटतं, आपण नाही म्हटलं तर तो पुन्हा बाटली धरेल. म्हणून तिनं सगळं पाठ केलं होतं. तिच्या माहेरच्या देवीचा टाक पेटीत साड्यांच्या खाली होता आणि तो घरात एकटी असली की ती काढून बघायची. "तुमी हो म्हणा," ती म्हणाली, "पुढं वाटंल मला. लोकांना वाटतंच की."

त्या क्षणी मला तुम्ही आठवलात, आबा. गंगाखेडच्या स्टँडवरचे.

मी तेरा वर्षांची आहे. अक्काचं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं लग्न तुमच्या मध्यस्थीनं राणीसावरगावला झालेलं आहे. तुम्ही उन्हाळ्यात त्या बाजूला मेंढरं घेऊन जायचा, शेतात बसवायचा, म्हणून ते घर तुमच्या ओळखीचं. बोलणी चालू असताना काकांनी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होता, पोरगं चांगलं हाय, माझी जबान. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तुम्ही मला सोबत घेऊन अक्काकडे जाता. ती चुलीपाशी भाकरी थापते आहे. एका हातात बांगड्या आहेत, दुसऱ्या हातात एकही नाही आणि तो मनगटापाशी सुजलेला आहे. ती थापते तशीच, एका हातानं जोर देऊन. तिचा नवरा ओसरीवर पालथा पडला आहे. भर दुपार आहे. ती तुम्हाला ताट वाढते. तुम्ही पाणी पिता आणि ताटाला हात लावून ते तसंच सरकवता. मी मात्र जेवते, कारण मला भूक लागलेली असते, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

परत येताना गंगाखेडला गाडीची वाट बघत आपण बाकावर बसलो. तुम्ही घोंगडी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत होता. मग मला न बघताच म्हणालात, "मला म्हाईत व्हतं."

मला कळलं नाही. तुम्ही सांगितलं की लग्नाआधी त्या पोराला तुम्ही बाजारात झोकांड्या खाताना दोनदा पाहिलं होतं. मी विचारलं, मग हो कशाला म्हणलात. मला वाटलं तुम्ही रागवाल. 

"लगीन झालं की सुधरंल वाटलं," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर असं वाटून घ्यायचं नसतंय, बाई."

त्यानंतर तुम्ही दर महिन्याला राणीसावरगावला जात राहिलात. कधी एसटीनं, कधी मेंढरांबरोबर पायी. अक्काच्या बापानंही इतक्या खेपा घातल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी तिला तुम्ही आपल्या घरी घेऊन आलात, भावकी काय म्हणते ते न ऐकता, आणि चार मेंढ्या विकून तिला शिलाई मशीन आणून दिलं. त्याच मशीनवर तिच्या मांडीशी बसून मी शिकले. एकदा मी आईला म्हणत होते की आबांनी मधे पडायलाच नको होतं, ते तुम्ही ऐकलंत आणि मला आत बोलावून चांगलं झापलंत. म्हणालात, मधे पडलो ते चुकलं न्हाई, बघितलेलं सांगितलं न्हाई ते चुकलं. तेव्हा मला तो फरक फार बारीक वाटला होता.

मी त्या पोरीला म्हटलं, हे तू मला सांगितलंस तसं फादरांना सांग. मी सोबत येते, बोलणार नाही. ती रडली, माझ्यावर चिडलीही. म्हणाली, तुमच्याजवळ मन मोकळं केलं आन् तुमीच असं करायल्या. चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती दारात, नीट साडी नेसून, म्हणाली, चला.  फादरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तिला ना दोष दिला ना उपदेश केला. म्हणाले, दुसऱ्याची दारू सुटावी म्हणून कुणी बाप्तिस्मा घेत नसतं, तू थांब, येत राहावंसं वाटलं तर येत राहा, नाही वाटलं तर तुला कुणी विचारणार नाही. आणि तिच्या नवऱ्याशी आपण बोलू असंही म्हणाले.

पण तो त्याआधीच माझ्या शिवणकामाच्या दुकानात आला. मी कापड बेतत होते. दारातच उभा राहिला, हातात टेम्पोची किल्ली, आणि म्हणाला, "मावशी, तुमी कशाला मधे पडल्या?" मी त्याला बसायला स्टूल दिलं. तो बसला नाही. म्हणाला की ती नसेल तर आपण एकट्यानं तिथं कसं उभं राहायचं. मला आबा, खरंच भीती वाटत होती, की हा इथून निघेल तो सरळ गुत्त्यावर जाईल आणि ते माझ्या माथी येईल. तरी मी म्हटलं, "मग तुमी इतके दिवस कुणासाठी उभं राहायलात?"

तो स्टुलावर बसला, पाणी मागितलं, प्यायला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी मी तीनदा काहीतरी निमित्त काढून त्यांच्या गल्लीत चक्कर मारून आले. टेम्पो दारात उभा होता.

ईस्टरला त्यानं एकट्यानं बाप्तिस्मा घेतला. ती माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर त्याचा घडी केलेला कोरडा शर्ट घेऊन. त्याच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तिनं माझा हात धरला, आणि तो पुन्हा जागेवर जाईपर्यंत सोडला नाही. त्यानं अजून बाटली धरलेली नाही. उद्याचं कुणी सांगावं. ती ब्लाऊज आता माझ्याशिवाय बेतते, आणि रविवारी कधी येते, कधी येत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. मागच्या आठवड्यात सोयाबीनच्या खुरपणीवरून परस्पर माझ्याकडे आली, पायाला चिखल तसाच, आणि उंबऱ्यावरच बसून म्हणाली की मला पुढल्या वर्षीच्या बाप्तिस्म्यासाठी नाव द्यायचंय.  ती म्हणाली, "आता त्याच्यासाठी न्हाई. पेटीतला टाक मायला नेऊन दिला. माय लय रडली. मीबी रडले. पण दिला." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "तुमी उभं राहणार असला तर. खोटं बोलले ते तुमाला म्हाईत हाय, तुमीच पायजे."

रविवारी फादरांना मी हो सांगणार आहे. राणीसावरगावच्या खेपा मी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे हो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या पोरीला मी फादरांकडं नेलं ते खरेपणापायी, असं फादरांना वाटतं, तिलाही वाटतं. तेवढंच नव्हतं ते. गेल्या नाताळाच्या आसपास दादा पहिल्यांदा माझ्याकडे आला होता, पिशवीत हुरडा घेऊन. अर्धा तास बसला, पावसापाण्याचं बोलला, चहा घेतला, जाताना दारात थांबून म्हणाला, येत जा. आणि तिकडं धर्ममाता म्हणून माझं नाव सगळ्यांसमोर पुकारलं गेलं असतं की परभणीहून ती बातमी गावात जायला दोन दिवस पुरले असते. स्वतः बदलली ते बदलली, आता दुसऱ्यांना बदलायलीय, असं तो म्हणाला असता. ती थांबली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, आबा. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. या खेपेला तसं सुटायला जागा नाही. पोळ्याला दादानं जेवायला बोलावलं आहे. जाईन. त्याला अजून काही सांगितलेलं नाही, आणि हे पत्र लिहीत बसले ते बहुतेक त्याला सांगणं लांबवायलाच.